हेदोळीची टेकण

हेदोळीला जायचं तर फाट्यावर एस्टीतून उतरावं लागतं आणि मग चढावं लागतं. चढ संपला असं वाटतं तिथे तो संपत नाही, नुसता वळतो. त्या वळणावर एका बाजूला दरी आहे, दुसऱ्या बाजूला काळा कातळ, आणि मधे एका माणसापुरती वाट. कातळ कमरेइतकाच उंच, माथ्यावर पाटासारखा सपाट, आणि लांबच लांब. त्याच्या अंगावर ओळीनं खळगे पडले आहेत. पाठीच्या आकाराचे, गुळगुळीत. वरच्या टोकाचा खळगा सगळ्यांत खोल. या जागेला टेकण म्हणतात.

कुठल्याही पर्यटनाच्या पुस्तकात टेकण नाही. तरी कुणाकडून तरी ऐकून पाहुणे येतात, धापा टाकत वळणावर पोचतात, मोबाइल काढतात आणि विचारतात, "इथे बघायचं काय आहे?"

"हेच," दाजीबा म्हणतात.

"हा खडक?"

"बसा की आधी. दम खावा. उभ्यानं बघायची जागा न्हाय ही."

दाजीबा हेदोळीच्या गावकर, म्हणजे गावप्रमुखाच्या, घराण्यातले. गुडघे गेल्यापासून ते या वळणाच्या खाली उतरत नाहीत आणि चार वाजेपर्यंत वरही जात नाहीत. त्यांच्या बायकोची, अनसाआजीची, ताकाची कळशी सावलीत ठेवलेली असते. दाजीबा गोष्ट सांगतात आणि आजी ताक ओतता ओतता ती दुरुस्त करते.

असं सांगतात की पूर्वी हेदोळीला पाणी नव्हतं. गाव वर पठारावर, झरा खाली घळीत, आणि मधे हा चढ. त्याला पाणवाट म्हणत. पहाटे बायका रिकामे हंडे घेऊन उतरायच्या आणि भरले हंडे घेऊन चढायच्या. दुपारी पुन्हा. गुरं असली तर तिन्हीसांजेला पुन्हा.

पाणवाटेचे नियम होते. हंडा वाटेत खाली ठेवायचा नाही; ठेवला तर ते पाणी मातीचं झालं, ते ओतायचं आणि परत झऱ्यावर जायचं. डोक्यावर कापडाची चुंबळ आणि चुंबळीवर भरला हंडा असलेल्या बाईला हाक मारायची नाही, शिवायचं नाही, तिला आडवं जायचं नाही. पुढचीला मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही. आणि सगळ्यांच्या पुढे चालायचं ते गावातल्या सर्वांत नव्या सुनेनं, कारण तिला मागे ठेवली तर ती माहेरच्या वाटेला लागेल.

हे नियम गावकर भिकाजीच्या आजोबानं घातले होते, म्हणे. त्यानं जन्मात कधी हंडा उचलला नव्हता. नियम करायला त्याला भरपूर वेळ मिळाला असणार.

नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. एकदा कुणी तरी पाणी घेऊन चाललेल्या सुनेला वाटेत हाक मारली आणि त्या वर्षी चैत्रातच झरा आटला, असं सांगत. चैत्रात झरे आटतातच, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही. सगळ्या गावाचा जीव त्या एका धारेवर टांगलेला. अशा जागी माणूस शंका घेत बसत नाही.

भिकाजीच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि धुरपा या गावात आली. ती खाली नदीकाठच्या गावची. तिच्या माहेरी अंगणातच आड होता. रहाट फिरवला की पाणी. लग्नाच्या जागरणांनी तिचे डोळे आधीच जड झालेले, त्यात दिवसभराची पायपीट. घरात पाऊल टाकल्यावर तिला वाटलं, आता कुणी तरी म्हणेल, पड जरा. कुणी म्हणालं नाही. सासूनं, गिरजानं, तिच्या हातात चुंबळ दिली आणि उद्या पहाटे उठायचं सांगितलं.

रात्री जावेच्या शेजारी तिचं अंथरूण होतं. जाऊ म्हणजे राही. तिचे दिवस भरत आले होते. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायला तिला भिंतीला हात लावावा लागत होता.

"जाऊबाई," धुरपानं हळूच विचारलं, "मधे टेकायचं कुठं?"

"टेकायचं?" राही म्हणाली. "घरी."

"आणि दम लागला तर?"

"तर दम लागतो."

थोड्या वेळानं धुरपानं विचारलं, "तुम्ही पण येणार उद्या? अशा?"

"मामंजी म्हणतात, चढ चढला की बाळंतपण सोपं जातं."

"गेलं का?"

राहीनं पुन्हा कूस बदलली. मग तिनं सांगितलं, दोनदा दिवस भरायच्या आतच झालं होतं. दोन्ही वेळा वाटेतच. दोन्ही वेळा हंडा मात्र तिनं घरापर्यंत नेला होता, कारण मागे बायका खोळंबल्या होत्या. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. उद्या भाकरी कुणी थापायची हे सांगावं तसं सांगितलं. मग तिला झोप लागली. धुरपाला लागली नाही.

पहाटे बायका उतरल्या. झऱ्यावर हंडे भरले. धुरपा नवी म्हणून पुढे. तिच्या आधीची नवी ती राही, म्हणून ती तिच्या मागे. मग बाकीच्या, आणि सर्वांत शेवटी सगुणाम्हातारी, जिचे पाय वाकडे झाले होते पण हंडा अजून सुटला नव्हता.

धुरपाला मागे वळून पाहता येत नव्हतं. डोक्यावर भरला हंडा असला की मान पुढेच राहते. बोलता येत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं. राहीचा श्वास आधी लांब होता, मग आखूड झाला, मग प्रत्येक श्वासामागे एक बारीक आवाज यायला लागला. धुरपानं चाल मंद केली. आवाज थांबला नाही. तिनं आणखी मंद केली. मागून कुणाच्या तरी पायानं दगड सरकला आणि कुणी तरी चुकचुकलं.

या वळणाशी आल्यावर राहीचा श्वास ऐकूच येईनासा झाला. मग आला, तो हुंदक्यासारखा.

धुरपा थांबली. तिला काय सुचलं ते देवाला माहीत. हंडा खाली ठेवावा तर पाणी मातीचं होणार आणि, वाट एकाच माणसापुरती म्हणून, तिच्याबरोबर सगळ्यांना पुन्हा खाली जावं लागणार, राहीला धरून. राहीला आधी जाऊ द्यावं तर पुढे जायची मुभा नाही. उभं राहावं तर डोक्यावर ओझं घेऊन राहीलाही उभंच राहावं लागणार. तिनं कातळाला पाठ लावली. पाठ लावून ती हळूहळू खाली सरकत गेली, गुडघे मुडपले, आणि बसली. बसल्यावर कातळाचा सपाट माथा बरोबर तिच्या माथ्याच्या उंचीला आला. हंड्याचं बूड अर्धं कातळावर टेकलं आणि अर्धं चुंबळीवर राहिलं. सगळा भार खडकानं घेतला. हंडा मातीला लागला नव्हता. चुंबळ डोक्यावरून हलली नव्हती.

मग तिनं पाय दरीकडे पसरले, वाट अडवली, आणि डोळे मिटले.

शेपटाकडून सगुणाम्हातारीनं विचारलं, "काय झालं गं पुढं?" वाटेवर हाक मारायची नाही, पण तिच्या वयामुळे तिला कुणी टोकत नव्हतं.

"झोपली," कुणी तरी म्हणालं.

"कोण झोपली?"

"नवी."

"बया. आणि आपण?"

"आपण काय? पुढं जायचं न्हाय."

"मग?"

राहीनं कातळाला पाठ लावली आणि धुरपासारखीच खाली सरकली. तिच्या मागची सरकली. तिच्या मागची. एकामागून एक हंडे कातळावर टेकले. प्रत्येकाचा एक छोटासा आवाज झाला. सगुणाम्हातारी सर्वांत शेवटी बसली. बसताना तिच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की तो वर गावात ऐकू गेला, असं सांगतात.

"गावात कुठला ऐकू जातोय," अनसाआजी म्हणते. "गावातल्यांना ऐकायचं असतं तर रोज ऐकू आला असता."

ऊन चढलं तरी पाणी आलं नाही, तेव्हा माणसं वाटेच्या तोंडाशी आली. पुढे भिकाजी, मागे गिरजा, त्यांच्या मागे गाव. पाहतात तो बायकांची आख्खी रांग कातळाला पाठ लावून झोपलेली, प्रत्येकीच्या माथ्यावर हंडा. भिकाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारता येत नव्हती.

गुरवाला बोलावलं. गुरवानं वाकून पाहिलं, दोन पावलांवरून, कारण शिवायला बंदी. "चुंबळ डोक्यावर हाय," तो म्हणाला. "हंडा चुंबळीवर हाय. मातीला लागला न्हाय. म्हंजे बाई वाटेवर हाय."

"ती बसलीय," भिकाजी म्हणाला.

"बसायचं न्हाय असं तुमच्या आजोबांनी कुठं सांगितलंय?"

भिकाजीनं आठवून पाहिलं. हंडा ठेवायचा नाही, असं सांगितलं होतं. बाईनं बसायचं नाही हे सांगायची गरज आजोबाला वाटली नसावी. हंडा डोक्यावर घेऊन कुणी बसेल, हे त्याच्या डोक्यात कुठून येणार?

"ढोंग हाय," गिरजा म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत ढोंग. पापण्या बघा कशा हलताहेत."

"असंल," गुरव म्हणाला. "पण झोपलेल्याला उठवता येतं वहिनी, सोंगाला न्हाय. आणि आपल्याला दोन्ही येत न्हाय."

धुरपाला हे सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडले तर उठावं लागेल, आणि ती उठली तर राहीला उठावं लागेल, हे तिला पक्कं माहीत होतं. गर्दीत मागे तिचा नवरा उभा होता. बायकोचा चेहरा त्यानं उजेडात एवढा वेळ प्रथमच पाहिला, म्हणे.

दुपारपर्यंत गोठ्यात गुरं हंबरायला लागली. पोरं रडायला लागली. रांजणांचे तळ दिसले. शेवटी भिकाजीनं घरांतले उरलेसुरले हंडे मागवले आणि पुरुषांना कड्याच्या अंगानं खाली काढलं. ती वाट पाणवाटेपेक्षा उभी, पण तीच मोकळी होती.

हेदोळीच्या पुरुषांनी ओझी उचलली नव्हती असं नाही. लाकडं आणली होती, धान्य वाहिलं होतं. पण लाकडाचा भारा वाटेत टाकता येतो. पाणी तसं नाही. चुंबळ कशी वळायची हे एकालाही येत नव्हतं. त्यांनी मुंडासं गुंडाळून वर हंडे ठेवले, ते घसरले. निम्मं पाणी अंगावर सांडलं, उरलेलं घेऊन ते वर आले, ते गुरांनी एका घोटात संपवलं. मग पुन्हा खाली. नियम सगळ्यांना सारखाच. हंडा टेकवायचा नाही.

भिकाजी स्वतः उतरला होता. गावकरानंच नाही उतरायचं तर कुणी? पहिल्या खेपेला अर्ध्या कड्यावर त्याचा दम सुटला. त्यानं हंडा खाली ठेवला, छातीवर हात ठेवून उभा राहिला, आणि मग आजोबाच्या नियमाप्रमाणे ते पाणी ओतून परत झऱ्यावर गेला. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यानं हंडा ठेवला, चौफेर पाहिलं, आणि ओतला नाही. उचलून घरी नेला. गुरव त्याच्या मागेच होता. त्यानं दरीकडे पाहिलं.

दिवस कलताना भिकाजी पुन्हा या वळणावर आला. उभं राहवेना म्हणून तोही बसला, वाटेच्या तोंडाशी, धुरपापासून चार हातांवर. त्याच्यासमोर मोठी सून बसली होती, दोन्ही हात पोटावर, तोंड उघडं पडलेलं, गाढ झोपलेली. तिला असं स्वस्थ पडलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो पाहत राहिला. दोन नातवंडं या वाटेवर गेली होती. घरात त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. राहीनं हंडा आणून रांजणात ओतला होता आणि मग आत जाऊन निजली होती. पाणी आलंय ना, एवढंच त्यानं दोन्ही वेळा पाहिलं होतं.

हाक मारायची नव्हती, म्हणून तो कातळाशी बोलला.

"ऐकणाऱ्यानं ऐकावं," तो म्हणाला. "गावकराचा शब्द हाय. आजपासून पोटुशी बाई पाणवाटेला यायची न्हाय. तिचं पाणी तिच्या घरच्या पुरुषानं आणायचं. आणि या कातळाला ज्याला टेकायचं त्यानं टेकावं. इथं टेकलेलं पाणी मातीचं न्हाय. आता उठा."

कुणी उठलं नाही.

त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. रांगेतल्या बायका एकेक करून डोळे उघडायला लागल्या. राही जागी झाली. तिनं सगळं ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर तिनं पोटावरचा एक हात काढून डोळ्यांवर ठेवला. पण पुढे धुरपा हलेना. गिरजा म्हणाली, "सांगितलं ना एकदा, झालं की आता." धुरपा हलेना.

कारण असं झालं होतं, म्हणे, की सकाळपासून सोंग घेता घेता दुपारी कधी तरी तिला खरीच झोप लागली होती. जिच्यासाठी वचन दिलं तिनं ते ऐकलं, जिच्यामुळे दिलं तिनं नाही. आणि तिला कुणी उठवू शकत नव्हतं, आणि तिच्या पुढे कुणी जाऊ शकत नव्हतं.

"मग?" पाहुण्यांपैकी कुणी तरी इथे विचारतंच.

"मग काय," दाजीबा म्हणतात. "गाव बसलं. सगळं गाव. दमलेलंच होतं. पुरुषांनी वरच्या अंगाला पाठी टेकल्या. गिरजानं घरून भाकऱ्या आणून दुरूनच फेकल्या, बायकांनी झेलल्या. हंड्यातलं पाणी माणसं ओंजळीनं प्यायली. आणि झोपली. हेदोळीत त्या रात्री एकही चूल पेटली न्हाय. पाठींचे हे खळगे त्या एका रात्रीत पडले, असं सांगतात."

"एका रात्रीत पडत न्हाईत," अनसाआजी म्हणते. "बायकांच्या पाठींनी घासलेत. मी घासलाय. खालून पाचवा."

सूर्य वर आला तेव्हा धुरपा आपणहून जागी झाली. तिनं गावाकडे पाहिलं. गावानं तिच्याकडे पाहिलं. ती कातळाला पाठ लावून तशीच वर सरकत उठली, हंडा सावरला, आणि चालू लागली. घरी जाऊन रांजणात पाणी ओतलं. सासू दारात उभी होती. काही तरी बोलायला हवं म्हणून धुरपा म्हणाली, "पाणी जरा कोमट झालंय."

गिरजानं तिला भाकरी वाढली. कालवण न मागता दोनदा वाढलं.

राहीला त्या महिन्यात मुलगी झाली, घरात, अंथरुणावर. तिच्या वाटचं पाणी महिनाभर भिकाजीनं आणलं. रोज तो या वळणावर टेकायचा, आणि कुणी पाहिलं तर खोकायचा.

आता हेदोळीत नळ आला आहे. एक दिवसाआड येतो, पण येतो. झरा खाली आहे तसाच आहे, पाणवाटेवर गवत वाढतं. तरी आजही हेदोळीत नवी सून आली की तिला आधी टेकणीवर आणतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरली कळशी, आणि पाठ कातळाला. ती आपणहून उठेपर्यंत तिला हाक मारायची नाही, आणि ती उठेपर्यंत पाणी भरायचं ते पुरुषांनी, तेही खालच्या झऱ्यावरून. नळाचं चालत नाही. काही सुना फोटोपुरत्या बसतात आणि उठतात. काहींना झोप येत नाही. "मला कुठली आली," अनसाआजी म्हणते. "डोळे मिटून पडले होते. सासू माझ्याबद्दल काय काय बोलतीया ते सगळं ऐकून घेतलं. लई उपयोग झाला पुढं."

गेल्या वैशाखात गावकरांच्याच भावकीत पुण्याची सून आली. लग्न कार्यालयात झालं, मग पूजा, मग गोंधळ, मग दिवसभराचा प्रवास. चार वाजता तिला टेकणीवर बसवलं. एवढं हसून हसून तिचे गाल दुखत होते, असं तिनं नंतर सांगितलं. कळशी कातळाला टेकली आणि ती झोपली. पाच वाजले, सहा वाजले. वऱ्हाड वर ताटकळलं. नवरदेव भावांना घेऊन दोनदा झऱ्यावर जाऊन आला. बँडवाले वाजवू का विचारून गेले, त्यांना हातानंच नको म्हटलं.

सासू तिच्याशेजारी बसून होती, खाली, वाटेवरच, नव्या पातळाची पर्वा न करता. लग्नघर तिनं महिनाभर एकटीनं पेललं होतं. ऊन सरकेल तशी ती सुनेवरची छत्री सरकवत होती. एकदा सरकवली, दोनदा सरकवली. तिसऱ्यांदा छत्री हातातून कलली ती कललीच. तिची पाठ मागच्या खळग्यात गेली, मान कातळाला लागली, आणि ती घोरायला लागली.

सासूला उठवू नये असा काही नियम नाही. दाजीबांनी कधी ऐकलेला नाही, त्यांच्या आजोबांनीही नाही. वर माणसं भुकेली होती, आणि कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या.

तिला कुणी उठवलं नाही.